स्कायलॅबचं माहेरपण

आप्पा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालंय. म्हणजे हिशेबाने तुम्हीच मला अहोजाहो करायला हवं. काल संध्याकाळी नातू हाताला धरून गच्चीवर घेऊन गेला. काशिदाच्या झाडामागून एक उजळ ठिपका निघाला आणि सरळ रेषेत आकाश ओलांडून गेला. नातू म्हणाला, "आजी, ते अंतराळ स्थानक. त्यात माणसं राहतात, खरीखुरी." मी म्हटलं, "माहितेय. त्याआधीच्या घरातही राहायची." म्हातारीला यातलं काय कळतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. त्याला पुढचं काही सांगितलं नाही. तुम्हाला मात्र लिहायला बसले आहे, कारण या विषयावर मी आजवर फक्त तुमच्याशीच बोलले आहे.

आपल्या कवठे गावात चंद्राचं वेड एका माणसाला होतं, आणि तो माणूस म्हणजे गावच्या शाळेतला मास्तर, माझा बाप. विहाराच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर ठेवून तुम्ही पहिल्या चांद्रवीरांच्या बातम्या वस्तीला ऐकवल्यात, तेव्हा माणसं कौतुकाने जमली. पुढच्या खेपांना कमी जमली. शेवटच्या खेपेला तर दुष्काळ होता. आई दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून आलेली, हाताला फोड, आणि चुलीपुढे ती दुष्काळात मिळणारी सरकारी सुकडी कालवते आहे. तुम्ही बाहेरून येऊन उंबऱ्यात उभे राहता आणि कुणीतरी वारल्यासारख्या आवाजात सांगता, "निघाले ते चंद्रावरनं. आता परत कुनी जायचं न्हाई, बंद केलं समदं." आई विचारते, "तिथं पानी हाय का?" तुम्ही म्हणता, "न्हाई." "मग बरं झालं की आले त्ये," असं म्हणून आई ताट तुमच्या पुढ्यात सारते. मी खूप हसले होते. तुम्ही हसला नाहीत. जेवून झाल्यावर मला एकटीला बाजूला घेऊन, ते तिथून कसे निघाले आणि चंद्रावर चालवलेली गाडी कशी मागेच सोडून आले, ते सगळं सांगितलंत. तेव्हापासून तुमचा श्रोतृवर्ग म्हणजे मी.

मग माझं लग्न झालं. शिरूरच्या कॉलेजात सायन्सचं पहिलं वर्ष झालं होतं. पुढचं दौंडला राहून करू देऊ, असं सोयरीक जुळवताना सगळे म्हणाले होते. लग्नानंतर त्याचं "बघू" झालं, आणि बघू म्हणजे काय ते कोणत्याही सुनेला विचारा. रेल्वेच्या चाळीतली दोन खोल्यांची क्वार्टर. हे इंजिनावर, म्हणजे बाहेर असले की बाहेर आणि घरी असले की झोपलेले. सासूबाई वाईट नव्हत्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. डाळ संपली, पाणी आलं, दार लाव, एवढंच. दिवसच्या दिवस माझा स्वतःचा आवाज माझ्या कानावर पडायचा नाही. मार नव्हता, उपाशी ठेवत नव्हते. माहेरी सांगावं असं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. तुम्ही मला न्यायला आलात की सासूबाई चहा देऊन "पंचमीला बघू" म्हणायच्या, आणि तुम्ही मान डोलवून परत जायचात. तुमचा तो भिडस्तपणा तेव्हा मला फार लागायचा.

अशात एकोणऐंशीच्या जुलैमध्ये अमेरिकेची स्कायलॅब, आकाशात फिरणारं ते माणसांचं घर, पडणार अशी आवई उठली. आमच्या चाळीत नळावर दुसरा विषय नव्हता. आकाशातनं घराएवढं लोखंड येणार, पुण्यावर पडणार, नाही दौंडाच्या यार्डातच पडणार. कुणी म्हणे जग बुडणार. एक बाई तर पापडाचं पीठ भिजवलेलं टाकून देऊन बसली होती, आता लाटून खाणार कोण म्हणून. आणि एका सकाळी तुम्ही दारात उभे. शाळा चालू असताना रजा काढून आलेले, जे तुम्ही आजी वारली तेव्हासुद्धा एका दिवसापलीकडे केलं नव्हतं.

तुम्ही खुर्चीवर टेकलात आणि खाली बघत म्हणालात, "विहीणबाई, ते वरचं पडायचं म्हन्त्यात. हिच्या आईनं अन्न सोडलंय. काय व्हायचं ते लेक जवळ असताना हू दे म्हन्ती." सासूबाई स्टोव्हला पिन मारता मारता थांबल्या. त्यांचा चेहरा मी असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. "गुरुजी, तुमी शिकल्याली मानसं," त्या म्हणाल्या. "खरं सांगा, पडंल का वो ते?" मी आतल्या दाराशी उभी होते. भगताच्या अंगात येतं ते ढोंग आहे असं भर जत्रेत ओरडून सांगणारे तुम्ही, आता काय सांगता ते कान देऊन ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "पडंल. पडनार ते नक्की." म्हणजे खोटं बोलला नाहीत. पृथ्वीवर समुद्र किती आणि दौंड केवढं, तेवढं तुम्ही गिळलंत. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "घिऊन जा मग. मी बी खुटबावला सांगावा धाडते, माझी ल्येक हितं येऊ दे," असं म्हणाल्या, आणि स्वतः माझ्या पिशवीत लुगडं कोंबू लागल्या.

घरी पोचलो तर आई अंगणात बाजरी पाखडत होती, तोंडात भाकरीचा तुकडा. "अगं बया, तू कशी काय आलीस?" म्हणाली. तुम्ही घाईघाईने बैठकीत निघून गेलात. तेव्हा मला कळलं की अन्न सोडलेली बाई वगैरे सगळं तुमचं रचलेलं होतं. आणि आप्पा, त्या क्षणी माझ्या अंगात केवढं बळ आलं! माझ्या बापाने न सांगता ओळखलं, असं वाटलं. तुम्ही मला बोलतं करायलाच आणलंय, आता फक्त तोंड उघडायचं, मी परत जाणार नाही म्हणायचं, आणि तुम्ही राहा म्हणाल. गावात तर पंचमी लांब असताना पंचमीच आली होती. मरायचं तर आईच्या घरी, म्हणून घरोघरच्या लेकी आणलेल्या. कुणी बोकड कापला, कुणी पुरण घातलं, आणि पोरींनी मारुतीमागच्या लिंबाला अवेळीच झोके बांधले. मीसुद्धा जाऊन झोका घेतला. मला जग बुडायची भीती नव्हती, मला फक्त तुमच्याशी बोलायला एकांत हवा होता.

तो दुसऱ्या दिवशी मिळाला. लोकांनी पोरं शाळेत पाठवलीच नव्हती. तुम्ही म्हणालात, "चल गं शाळेत, वर्ग मोकळाच हाय." मी पहिल्या बाकावर बसले, मनात वाक्य जुळवून तयार. तुम्ही खडू घेतलात आणि फळ्यावर ते घर काढायला लागलात. इथं जेवायचं टेबल, इथं झोपायच्या पिशव्या, इथं अंघोळीची जागा. त्यात तीन वेळा माणसं राहून आली होती, आणि शेवटचे निघताना पुढच्या पाहुण्यांसाठी थोडं सामानसुमान ठेवून आले होते. "पुन्हा कुनी गेलंच न्हाई," तुम्ही म्हणालात. "त्येला वर ढकलायला नवं यान जायचं व्हतं, त्ये काय येळेत झालं न्हाई. मग असंच रिकामं फिरत फिरत खाली आलं. चंद्रबी संपला, ह्येबी संपलं." खडू ठेवून हात झटकलेत, पण बोटं फळ्याच्या कडेवरच राहिली. "ह्या गावात ह्ये कुनाला सांगू मी? समद्यास्नी डोक्यावर पडंल का तेवढंच पाहिजे. म्हनून म्हटलं, ह्ये संपंल तवा तू तरी हितं असावीस."

तुमच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि डोळे भरले होते. मी जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तुम्ही माझ्यासाठी आला नव्हतात. तुम्ही एकटे पडला होतात म्हणून आला होतात. अशा माणसाला मी माझं काय सांगणार? मी विचारलं, "आप्पा, मग पडताना ते जळंल का तुटंल?" आणि तुम्ही पुन्हा खडू उचललात. आपण दुपारपर्यंत बोलत बसलो.

मग एका सकाळी बातम्यांत सांगितलं की ते समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पडलं. गावात हसाहशी झाली. शेजारचे मामा म्हणाले, "आयला, आमचं बोकड फुकट ग्येलं!" लेकी एसटीने एकेक करून गेल्या, झोके उतरले. तुम्ही मला पोचवायला निघालात. शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी लागली, आणि पायरीवर पाय ठेवताना तुम्ही विचारलंत, "तुला काय बोलायचं व्हतं का गं? मीच बोलत बसलो." मी म्हटलं, "न्हाई. काय न्हाई." माझ्या मागे एक बाई कोंबडी काखेत धरून धक्के देत होती. तुम्ही वर चढलात आणि खिडकीची जागा माझ्यासाठी धरलीत.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. माझं शिक्षण राहिलं ते राहिलंच. मुलं झाली, सासूबाई उतारवयात बोलायला लागल्या, नको इतक्या. हे गेले, त्यालाही बराच काळ झाला. घर भरलेलं आहे, नातू मायाळू आहे, आणि तरीही त्या क्वार्टरमधल्या दिवसांसारखं पुष्कळदा होतं, की संध्याकाळपर्यंत आपण काही बोललोच नाही हे एकदम लक्षात येतं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, तेव्हा एक सांगून टाकते. त्या वर्गात मला आलेला तुमचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. बापाने एकदा तरी आधी मला विचारायला हवं होतं. पण पुढे आयुष्यभर मला न्यायला माणसं आली ती बाळंतपणं काढायला, आजारी माणसाच्या उशाशी बसायला, लग्नाचे लाडू वळायला. नुसती मी समोर बसलेली हवी म्हणून मला न्यायला आलेले तुम्ही एकटेच. आत्ता दारात येऊन उभे राहिलात ना आप्पा, तर कशाला म्हणून विचारणार नाही. तशीच निघेन.