सव्वीस आट्यांची वाटी

मी, गेनबा सखाराम पारठे, वय वर्षे बासष्ट, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार भोर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचा दाब नसताना हे मृत्युपत्र केशवमास्तर लिमये यांच्याकडून लिहवून घेतो. माझे डोके ठिकाणावर नव्हते असे माझा मुलगा ज्ञानू पुढे म्हणेल. त्याने आधी स्वतःचे शोधावे.

१. राहते घर ज्ञानूला. ते गळते. कौले आणायला म्हणून तो दर वर्षी वेल्ह्याला जातो आणि विड्या घेऊन येतो.

२. कापूरहोळचा चुलतभाऊ रखमाजी याने नेलेला हवेचा पंप परत मागू नये. बढाया मारायला त्याला हवा लागते.

३. दुकान माझ्या स्वकष्टाचे आहे. ते व हत्यारे ज्ञानूला मिळणार नाहीत. कारण लिहून ठेवतो, म्हणजे त्याने चावडीवर गळा काढायला नको.

दोन वर्षे पुण्यात राहून हा मिस्तरी झाला. लढाईमुळे माल मिळेना, तेव्हा याने जुन्या बाजारातून वाट्यांचे पोते आणले. पायडलचा आस ज्या नळीतून आरपार जातो, तिच्या दोन्ही तोंडांना या वाट्या आट्यांवर बसतात; आत छर्रे फिरतात. दिसायला साऱ्या सारख्या, पण कुणाचे आटे इंचाला चोवीस, कुणाचे सव्वीस. चुकीची वाटी दोन फेरे गोडीत जाते, मग अडते. अडली की काढायची, एवढे शेंबड्या पोरालाही कळते. त्याच्या बायकोने, सगुणाने, आतून सांगितले, "ही बसायची न्हाई." हा म्हणाला, "तू भाकऱ्या थाप." मग पान्याला नळकांडे लावून त्यावर उभा राहिला.

सायकल याच केशवमास्तरांची. आंबवड्याच्या उतारावर वाटी आटे सोलून बाहेर आली आणि मास्तर बाभळीत गेले. सायकलचा सांगाडा कायमचा बाद. विचारले तर ज्ञानू म्हणतो, "आबा, वाटी ब्येस बसली व्हती. मास्तरच लई जड हायेत." हे वाक्य लिहायला मास्तर तयार नव्हते. मी लिहवले.

४. दुकान, हत्यारे, छऱ्यांचे डबे माझी सून सौ. सगुणाबाई हिला. ज्ञानूला तिथे बसायचे तर तिच्या हाताखाली बसावे. ती नको म्हणाली की पाना खाली ठेवावा. बाईच्या दुकानात सायकल कोण आणील, असे गावातले शहाणे विचारतील. अरे, नऊ वर्षे आणताच आहात.

नऊ वर्षांमागे मला मोठा ताप आला, तेव्हापासून माझ्या बोटांना काही कळत नाही. हे मी कोणाला सांगितले नाही. तुमची प्रत्येक वाटी आधी आत सगुणाकडे जाई. ती नखाने आटे ओळखते. तांदूळ निवडावे तसे छर्रे सुपात घेऊन, केसभर लहान असेल तो बाजूला काढते. मी बाहेर येऊन पाना फिरवायचो आणि "गेनबाचा हात" म्हणून शाबासकी घ्यायचो. तिने कधी चकार शब्द काढला नाही. ज्ञानूला मी एवढी नावे ठेवली, पण त्याने निदान बिघडवले ते स्वतःच्या नावावर बिघडवले. मी तिचे काम माझ्या नावावर केले. मला लाज वाटते.

इथे मास्तरांनी टाक खाली ठेवला, तेही लिहवतो. म्हणाले, "गेनबा, ती पलीकडे चुलीपाशीच आहे. हे आत्ताच सांगा की तिला."

"तोंडानं न्हाई जमत, मास्तर. म्हून तर लिवून घेतोय."

वाचून दाखवले, बरोबर आहे, सही करतो.

गेनबा सखाराम पारठे

आमच्यासमोर सही झाली:
केशव रामचंद्र लिमये, शिक्षक
रतनबाई कोंडीबा कंक, शेजारीण, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम भोर, ता. ९ डिसेंबर १९४५