बँकेतले वडील

मी, गोपाळकृष्ण शंकर दामले, वय ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; चिरंजीव सलिल तो मागितल्याशिवाय राहणार नाहीत.

१. राहता फ्लॅट सलिलचा. मात्र मागच्या खोलीत चार वर्षे भाड्याने राहिलेली नम्रता वैजनाथ ढोले, मूळची दारव्ह्याची, परत आली तर ती खोली तिला वापरू द्यावी. भाडे घेऊ नये. बाबांना म्हातारचळ लागला होता, असे सलिल म्हणेल. खुशाल म्हणावे.

२. कै. वासंतीचे शिवणयंत्र नात स्वरालीला. निवृत्तीनंतर मी दहावीच्या इंग्रजी पुस्तकाच्या समितीवर होतो, तेव्हा वासंती म्हणाली होती, "अहो, मुलं घरी जे बघतात, त्यातलं काही येऊ द्या की पुस्तकात." मी म्हणालो, "परीक्षेत ते विचारत नाहीत." तिचेच बरोबर होते. हे तिला सांगायचे राहून गेले.

३. त्या पुस्तकाचे गाइडही मीच लिहिले, नाव न घालता. त्यात 'माझे वडील' हा निबंध होता: वडील बँकेत अधिकारी, रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात. नम्रताने सगळे गाइड पाठ करून इंग्रजीत नव्वद गुण मिळवले. गेल्या महिन्यात खराडीच्या एका कंपनीत तिला मुलाखतीत घरच्यांविषयी विचारले. तिने तो निबंध म्हणून दाखवला. त्यांनी विचारले, "कोणती बँक?"

घरी येऊन म्हणाली, "सर, माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. वारले ते. हे इंग्रजीत कसं सांगायचं, ते पुस्तकात होतंच कुठं? मीच मठ्ठ आहे."

निबंध माझा, हे मी बोललो नाही. तिला चहा करून दिला. गुरुवारी ती सामान बांधून गावी गेली, तिची बॅग मीच रिक्षापर्यंत नेली, तरीही बोललो नाही. मला फार लाज वाटते.

४. घरातल्या गाइडच्या सर्व प्रती रद्दीत घालाव्यात.

५. सलिलने स्वतः दारव्ह्याला जाऊन कलम ३ नम्रताला वाचून दाखवावे. पत्र पाठवून भागवू नये. ती मठ्ठ नाही, हे तिला सांगावे. गाठी उचलणाराही कोणाचा तरी बाप असतो, हे पुस्तक लिहिताना माझ्या मनातही आले नाही, हेही सांगावे. मग ती वडिलांविषयी इंग्रजीत जे बोलेल ते ऐकून घ्यावे, आणि तिच्या चुका काढू नयेत.

सही: गो. शं. दामले

आमच्यासमक्ष सही केली:
आनंद रामचंद्र केळकर, निवृत्त मुख्याध्यापक
विमलाबाई सखाराम भोसले, शेजारीण

पुणे, २१ जुलै २००८