चुन्याने भरलेली तोंडं

२२ सप्टेंबर
सुरतेत पोहोचले. काम मनासारखं आहे: शंभर वर्षं जुन्या कापडपेढीवरच्या भाजलेल्या मातीच्या नक्षीचे फोटो. वेली, मोर आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बायकांचे पाच चेहरे. तोंडं मात्र चुन्याने बुजवलेली. रखवालदार सुकदेवभाऊ डिंडोलीत राहतात, मूळचे अमळनेरचे, अखंड बोलतात. माझ्या हातातला नक्षी साफ करायचा टूथब्रश बघून म्हणाले, दात घासायला पुण्याहून इथवर आलात का ताई.

२३ सप्टेंबर
काम देणाऱ्या संस्थेला बारकावे स्वच्छ हवेत. पहिल्या चेहऱ्याच्या तोंडातला चुना बांबूच्या काडीने कोरून काढला. आत जीभसुद्धा घडवलेली. शेजारी गप्पा मारणारे सुकदेवभाऊ एकदम घाबरले. दर दिवाळीच्या रंगकामाआधी ते तोंडांत चुना भरतात, वडीलही भरायचे. का, विचारलं तर म्हणाले, "उपाशी शेतस त्या." म्हणजे उपाशी आहेत त्या. मला हसू आलं. फोटो सुंदर आलाय.

२४ सप्टेंबर
सुकदेवभाऊंचा आवाज बसलाय. खाकरल्यावर लाल माती पडली. धूळ गेली असेल. एकटीच गाणं गुणगुणत दुसरं तोंड कोरलं.

२५ सप्टेंबर
माझाही आवाज गेला. जिभेवर माती. गॅलरीत दुसऱ्या तोंडातून माझंच कालचं गाणं चालू होतं. पहिल्यातून सुकदेवभाऊ — दात घासायला, दात घासायला —

२६ सप्टेंबर
चुना परत भरला तर आवाज परत येईल? माझा आवाज असलेल्या दुसऱ्या तोंडावर करून बघायची हिंमत झाली नाही. म्हणून पहिलं भरलं. आतलं बोलणं घोगरं झालं, मग थांबलं. खाली खुर्ची पडल्याचा आवाज —

२७ सप्टेंबर
सुकदेवभाऊ गेले. घशात चुना सापडला. मी डिंडोलीला त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांची बायको इंदुबाई माझ्या हातांकडेच बघत होत्या.

१० ऑक्टोबर
रोज दुसऱ्या, माझ्या आवाजाच्या तोंडापाशी बसून राखण करते. परवा सुकदेवभाऊंचं तेरावं झालं. आज इंदुबाई चुन्याची बादली घेऊन आल्या. आमच्या मालकांचं राहिलेलं काम, म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला तर मला लगतच्या खोलीत ढकललं, गॅलरीकडून कडी घातली. वहीत लिहून दाराच्या काचेला लावलं. त्यांना वाचता येत नाही. काचेपलीकडून शांतपणे म्हणाल्या, त्या दिवशी तुमच्या नखांत चुना होता ताई.

दुसऱ्या तोंडापाशी गेल्या. त्यातून मी ओरडतेय — नको, इंदुबाई, नको —

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं. थापी भरून घेतली. माझ्या घश