पंचवीस शेक

इंदूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. ताई,

सप्रेम नमस्कार. तू आणि दाजी बरे असाल. दाजींचा गुडघा आता कसा आहे? साताऱ्यात पाऊस उघडला का? इकडे काल अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांची रात्रभराची मिरवणूक होती, त्यामुळे आज निम्मं शहर अजून झोपेत आहे.

सात वर्षांनी माझं पत्र, म्हणजे काहीतरी वाईटच असणार हे तू पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. तर सांगूनच टाकते. मला कॅन्सर निघालाय, गर्भाशयाच्या तोंडाचा. दुसरी स्टेज. ऑपरेशन करणार नाहीत. उद्यापासून रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे पंचवीस. आणि दर सोमवारी केमो. इथे रेडिएशनला सगळे ‘सिकाई’ म्हणतात, आपल्याकडे शेक म्हणतात तसं. ऐकायला किती घरगुती वाटतं! जणू कंबर धरली म्हणून कुणी गरम पाण्याची पिशवी देणार आहे.

डॉक्टर म्हणाले, बरं व्हायची शक्यता चांगली आहे. मग त्यांनी एक छापील कागद दिला. काय काय त्रास होऊ शकतो त्याची यादी. मी तो इतक्यांदा वाचलाय की घडीवर फाटायला आलाय. उलट्या, जुलाब, लघवीची आग, थकवा, तोंडाची चव जाणं. शेवटी लिहिलंय, ‘प्रत्येकाला सगळे त्रास होतातच असं नाही.’ मला कुठले होणार, तेवढं मात्र कुणी सांगत नाही. दिवसभर मी माझ्याच अंगाकडे संशयाने बघत बसते.

परेश सियागंज बाजारातून साबुदाणा, मुरमुरे, अरारूट इतकं घेऊन आलाय की जणू आमच्या घराला वेढा पडणार आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून रजा घेतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. दवाखान्यात मी बसने जाईन. माझ्या ऑफिसने दोन महिन्यांची सुट्टी दिलीय.

आईच्या तेराव्याला मी तुला जे बोलले, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. फोन करणार होते, पण तू उचलशील की नाही कळेना, आणि उचललास तर मला बोलता आलं नसतं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
निशिगंधा


इंदूर
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ती. ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा मेसेज आला. ‘पत्र मिळालं. काळजी घे.’ चारच शब्द, पण दिवसभर उघडून बघत होते.

आज सर्वपित्री. आईचं पान तू वाढलं असशीलच. मी इथे काही केलं नाही, स्वयंपाकाचा वासच सहन होत नाही.

सगळं ठीक चाललंय. दहा शेक झाले, दोन केमो झाल्या. शेकाच्या आधी अर्धा लिटर पाणी पिऊन बसायचं आणि धरून ठेवायचं. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी बाजूला राहतात म्हणे. पोटावर शाईने खुणा केल्यात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. मशीन चालवायला मधुरिमा म्हणून एक जण आहे, होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरातली. तिची मराठी ऐकून तू हसशील. “ताईजी, श्वास नॉर्मल घ्या, हलू नका हं, बस दोन मिनिटात हून जाईल.” मग खोलीत फक्त मी आणि मशीनखालची थंडगार फळी. दुखत काहीच नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते, की हे आत करतंय तरी काय?

केमोनंतर दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात आणि गुरुवारपर्यंत चालतात. जुलाबही सुरू झालेत, पण कागदावर लिहिलंच होतं, तेव्हा त्याचं काय एवढं! डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, “कोई तकलीफ?” मी म्हणते, “नहीं सर, ठीक है.” बाहेर इतके जण ताटकळत असतात, त्यात आपलं पोटाचं गाऱ्हाणं काय सांगायचं!

पाण्याला लोखंडाची चव येते. आईलाही अशीच यायची का गं? तिला तर तोंडभर फोड आले होते. तिसऱ्या केमोनंतर. मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

कधी कधी वाटतं, एक दिवस नाही गेलं तर काय होईल? फक्त एक दिवस.

नाही, मी जातेय. काळजी करू नकोस.

तुझी,
निशिगंधा


इंदूर
मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

ताई,

मागच्या पत्रात ‘सगळं ठीक चाललंय’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

मागच्या मंगळवारी पाणी पिऊन बाकावर बसले होते. मशीन अडकलं होतं, अर्धा तास उशीर झाला. लघवीची आग आठवडाभर होतच होती, कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी नाही धरवलं. भरल्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. शेजारच्या बाईने पाय वर उचलून घेतले. ती काही वाईट नव्हती, कुणीही उचलेल. मी ओढणी कमरेला गुंडाळली आणि शेक न घेताच रिक्षा करून घरी आले.

बुधवारी वेळेवर निघाले. परेशला ‘पोचले’ म्हणून मेसेज केला आणि विजय नगरच्या मॉलमध्ये जाऊन बसले. मॉलमध्ये एवढ्यासाठी, की तिथे बाथरूम जवळ असतं आणि कुणी ओळखीचं भेटत नाही. दोन तासांनी घरी. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. संध्याकाळी परेश विचारायचा, “आज कितवा?” आणि मी आकडा सांगायचे.

मधुरिमाचे फोन येत होते, मी घेत नव्हते. शुक्रवारी तिने फॉर्मवरचा परेशचा नंबर काढला. तो दुपारीच कारखान्यातून घरी आला. मी नुकतीच परतले होते. चप्पल न काढता समोर बसला.

“कुठे जात होतीस?”

“मॉलमध्ये.”

“काय करत होतीस तिथे?”

“बसत होते.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसते हात चोळले. मग म्हणाला, “आता पुढे काय करायचं, निशा?”

“मला नको हे. बास झालं,” मी म्हणाले. आणि ताई, तो आवाज माझा नव्हता. आई असंच म्हणाली होती ना तुला?

शनिवारी तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. जुलाब, आग, ते कॉरिडॉरमधलंही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ये सब आपने बताया क्यों नहीं? इसकी दवाई है.” लघवीचा संसर्ग निघाला. गोळ्या दिल्या, सलाइन लावलं, उलटीचं औषध बदललं. मग चांगले रागावले. मधे खंड पडला की आजाराला सवड मिळते म्हणे. बुडालेले चार शेक आता शनिवारी जादा घेऊन भरून काढायचेत.

काल परत गेले. मधुरिमाने मला सगळ्यांच्या आधी आत घेतलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, “ताईजी, इथे रोज कोणा ना कोणाचं होतं. मी पुसते आणि विसरते. तुम्ही फोन नाही उठवला ना, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.”

आजचा धरून तेरा झाले. जुलाब थांबलेत. आज चार दिवसांनी मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

इतकं सगळं लिहिलं ते पुढचं टाळण्यासाठी. आता लिहिते.

“इसकी दवाई है” हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तिसऱ्या केमोनंतर आईने मला फोन केला होता. तू औषधं आणायला बाहेर गेली होतीस. मी ऑफिसात होते, समोर वीस नवी मुलं ट्रेनिंगला बसली होती. आई म्हणाली, “निशे, तोंडात इतके फोड आलेत की घोटभर पाणी जात नाही बघ. यशीला सांगू नको, ती आधीच दमलीय. तू डॉक्टरांना फोन करून विचारतेस का, यावर काही औषध असतं का?”

मी म्हणाले, “आई, केमोत हे सगळ्यांना होतंच. थोडं सहन कर. संध्याकाळी करते फोन.”

त्या संध्याकाळी केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांना नाही, आईला नाही, तुलाही नाही. आठवड्याने तूच कळवलंस, आई चौथी केमो नको म्हणतेय.

आणि तेराव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, मी तुला म्हणाले की तुला आईचं करायचा कंटाळा आला म्हणून तू तिचं औषध थांबवलंस. तू ताटं उचलत होतीस. तशीच ती घेऊन आत गेलीस. यशोधरेने आईला मारलं, असं त्यानंतर आत्यांकडे बोललं गेलं ते माझ्यामुळे. मी सात वर्षं ते तसंच राहू दिलं, कारण तुझ्याकडे बोट होतं तोवर तो फोन मला आठवावा लागत नव्हता.

औषध मिळालं असतं तर आई जगली असती का, मला माहीत नाही. तिला पाणी पिता आलं असतं, एवढं आता नक्की माहीत आहे.

आत्यांना मी वेगळं पत्र लिहिलंय, ते याच टपालाने जाईल. त्यात काही झाकलेलं नाही.

परेश म्हणतो, यशोताईंना बोलावून घेऊ, शेकाचे शेवटचे दिवस जास्त जड जातात म्हणतात. मी त्याला म्हटलं, आधी हे पत्र पोचू दे. तुला माझी दया यावी आणि तू यावंस, हे मला नकोय. हे वाचून यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं, तर त्यात तुझं काही चुकलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

बारा शेक राहिलेत. तू आलीस तरी, नाही आलीस तरी, ते मी घेणार आहे.

आईने जिला आधी विचारलं होतं, ती
निशी