वाक्य पुरं होईपर्यंत

प्रिय चिमणे,

तुझ्या अर्जाची प्रत हातात पडून वीस दिवस झाले. माझं पालकपद रद्द करावं आणि तुला निवासगृह सोडून मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू द्यावं, असं तू न्यायालयाला कळवलंयस. मला मात्र सोबत एकच ओळ : ‘दादा, विरोध करणार आहेस का?’ मी रोज तो कागद टेबलावर सरळ करून ठेवत होतो आणि दुसरीकडे बघत होतो.

या दिवसांत मी काय करत होतो, ते ऐक. विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मला गळ घातली, तुम्ही जुने वकील, अपंग पक्षकारांची बाजू कशी मांडायची ते आमच्या मुलांना शिकवा. मी आपला जन्माचा स्वप्नाळू. वाटलं, आपले मास्तर डोळे मिटून कविता म्हणायचे आणि सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा, तसंच काहीतरी होईल. कसलं काय! पहिल्याच सरावात एकानं पक्षकाराचं सोंग घेतलं. मान लटकवली, तोंड वाकडं केलं, लाळ पुसल्यासारखं केलं. पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. प्राचार्य दारातून म्हणाले, “वा, निरीक्षण चांगलंय!” मला शिसारी आली. घरी येऊन दोनदा हात धुतले, तरी जाईना.

म्हणून पुढच्या तासाला खऱ्या पक्षकार बाईंना बोलावलं. तिशीतल्या, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर तुझ्यासारखीच अक्षरफळी. सोबत त्यांचा भाऊ. पोरांनी आपल्या खुर्च्या वळवल्या त्या थेट भावाकडे. हिला काय होतं, हिला काय हवंय, ही रडते का. भाऊ पाठ केल्यासारखा बोलत सुटला आणि पोरांनी दोन-दोन पानं भरली. एका शहाण्यानं बाईंच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, “ताई, जेवलात का?” बाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत सांगितलं, ‘जेवले. वकील शोधतेय.’

मी भडकलोच. म्हटलं, “पक्षकार कोण आहे रे गाढवांनो? त्यांना विचारा आणि वाक्य पुरं होईपर्यंत तोंड मिटून बसा. तास संपला तरी बेहत्तर.” भावाला बाहेर बसवलं. मग वाट बघणं सुरू झालं. कुणी पेन चघळतंय, कुणी घड्याळ बघतंय. बाईंचं बोट सावकाश फिरत होतं. ‘मला भावाला’ इथवर आल्या आणि चिमणे, मीच बोललो. “भावाला त्रास द्यायचा नाही, असं म्हणतायत त्या.” आवाजही कसा, अगदी भरून आलेला. पोरांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. बाईंनी फळीवर मूठ आपटली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली : ‘मला भावाला कोर्टात उभं करायचंय.’

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. शांतपणे म्हणाली, “सर, तुम्हीपण बाहेर बसता का जरा?”

बसलो. व्हरांड्यातल्या बाकावर तो भाऊ होता. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. म्हणाला, “तुम्हाला कळेल साहेब. शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं ना सगळं.” इतका वेळ मला त्या पोरांची किळस येत होती, याचीही. पण हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय! मी बाटली तशीच परत केली.

आई गेली त्या वर्षीचं तुला सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, लपवलंय. एका संध्याकाळी मी तुला शाळेतली ती नदीची कविता म्हणून दाखवत होतो आणि तिसऱ्या कडव्यात अडलो. तू फळीवर पुढची अख्खी ओळ लावून दाखवलीस, आणि शेवटी एक शब्द जास्तीचा : ‘मठ्ठ’. मी हसून तुझे केस विस्कटले. आणि दोनच दिवसांनी न्यायालयात शपथेवर लिहून दिलं की बहिणीला बोललेलं समजत नाही, तिला स्वतःचं असं मत नाही. त्यावरच मला पालक नेमलं, त्यावरच तुला निवासगृहात ठेवलं. तेव्हा मी थकलो होतो, एकटा होतो. पण खोटं ते खोटंच. मी विरोध करणार नाही, एवढ्यानं भागायचं नाही. ते शपथपत्र अजून फाईलमध्ये तुझ्याविरुद्ध बोलतंय. म्हणून हे पत्र. प्रत्येक पानाखाली पूर्ण सही आणि तारीख घातली आहे. ते तुझ्या वकिलांना दे, न्यायाधीशांपुढे मोठ्यानं वाचू दे. उलटतपासणीला बोलावलं तर काठी टेकत येईन. आणि लाजेकाजेस्तव तो ‘मठ्ठ’ गाळू देऊ नकोस. पुरावा म्हणून सगळ्यात भक्कम तोच आहे.

तुझाच, आणि आता तुझ्या बाजूचा साक्षीदार,
दादा