शंभरातले सव्वीस पंखे

नेरे, पनवेल
१६ नोव्हेंबर २०१४

प्रिय प्रितमदादा,

तुला आणि दमयंतीवहिनीला नमस्कार. भात कापून झालं, आईचा गुडघा आता बरा आहे. फोनवर आप्पांचा विषय निघाला की तू बोलणं आवरतं घेतोस, म्हणून लिहिते आहे.

माझा प्रबंध पूर्ण झाला. विषय तुला मुद्दामच सांगितला नव्हता. कारखान्यातला तोच मोठा पंखा, दहा वर्षांपूर्वी ज्याचं पातं सुटलं आणि वहिनीच्या वडिलांची, काशीरामकाकांची, तीन बोटं गेली. बोल्ट सैल ठेवले असा ठपका ठेवून आप्पांना फिटरच्या कामावरून काढलं, आणि तूही त्यानंतर घर सोडलंस.

अशा पंख्याच्या थरथरीचं एक पूर्ण गणित करायला संगणकाला नऊ तास लागतात. एकाने भागतही नाही. पात्याचं वजन, बेअरिंगची झीज, खालच्या चौथऱ्याचा ताठपणा, काहीच नेमकं ठाऊक नसतं. हजारो शक्यता तपासाव्या लागतात. म्हणून मी तीनशे पूर्ण गणितं केली आणि त्यांच्यावरून एक हलकं, बदली गणित बसवलं. ते क्षणात उत्तर देतं. थरथरीचे खरे आकडे आप्पांच्या वहीतून घेतले; दर पाळीला ते लिहून ठेवायचे. इतक्या निगुतीची नोंद आपण इंजिनिअरांचीही पाहिली नाही, असं माझे सर म्हणाले.

सगळे बोल्ट घट्ट धरले, तरी गणितातल्या अशा शंभर पंख्यांपैकी एकोणिसांची पाती सुटत होती. दोष बांधणीतच होता. मी धावत घरी आले. वाटलं, आप्पा रडतील. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी एक बोल्ट आवळाचा रायला व्हता. पाळी संपली, उद्या बघू म्हटला. तो पन धर तुझ्या गणितात."

चौकशीत त्यांनी सगळे आवळले म्हणून सांगितलं होतं, दादा. आता गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं.

तीन आठवडे मी ते गणित केलं नाही. खरं सांगते, करायचंच नव्हतं. शेवटी केलं. तो एक बोल्ट सैल धरल्यावर शंभरात सव्वीस आले.

दोन्ही आकडे प्रबंधात घातले आहेत. परवा आप्पा तो कागद घेऊन एकटेच विचुंब्याला काशीरामकाकांकडे गेले आणि बोल्टाचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काकांनी कागद पाहिला म्हणे. मग एवढंच विचारलं, "प्रितम येतो का तुज्याकडं?"

आप्पा म्हणाले, "नाय."

आप्पा खोटं बोलले, असं तू म्हणायचास. ते खरं होतं. पण सव्वीसातले एकोणीस कधीच त्यांचे नव्हते, आणि उरलेले सात त्यांनी स्वतः मागून घेतले. असं करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

अठ्ठावीस तारखेला माझी तोंडी परीक्षा आहे. आप्पा येणार आहेत. तूही ये.

तुझी बहीण,
कमळाकर फिटरची मुलगी,
कीर्ती