सोड म्हणेपर्यंत

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा! टेंपोवाल्याने मला आणि माझ्या हत्यारांच्या पेटीला डोंगरमाथ्यावरच्या घरासमोर उतरवलं. जीप नीट झाली की तिच्यातूनच खाली ये म्हणाला, आणि पसार.

घरात जीपचे मालक, काका, एकटेच. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. जीप माझ्याहून वयाने मोठी, पण बांधा असा दणकट की आजच्या गाड्यांनी मान खाली घालावी. तक्रार एकच, ब्रेक मऊ. पेडल दाबलं की लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. म्हणजे नळ्यांत हवा. एका दिवसाचं काम. गॅरेजमधले माझे उस्ताद म्हणायचे, मऊ ब्रेक आणि गोड बोलणारा सासरा, दोघांवर भरवसा ठेवू नये.

जीप फाटकाजवळ उतारावर उभी आहे, तोंड थेट दरीकडे. हँडब्रेक नावालाच, गिअरही निसटतो, म्हणून चाकांना दगड लावलेत. आमच्या हिचे दिवस भरत आलेत. गुरुवारपर्यंत येतो, असा शब्द देऊन निघालोय. ही वही खिशात असते, तीच सोबत.

मंगळवार, ५

तेलाची डबी भरलेली. मास्टर सिलेंडर बाहेरून कोरडा, गळती कुठेच नाही. पुढची रबरी नळी दाबाने फुगत होती, ती बदलली. मग हवा काढायला घेतली.

याला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक खाली चाकाशी. खालचा 'मार' म्हणाला की वरच्याने पेडल मारायचं, 'धर' म्हणाला की दाबून धरायचं. खालच्याने निपल, म्हणजे चाकामागची बारीक तोटी, उघडून हवा काढायची, निपल बंद करायची आणि मगच म्हणायचं, 'सोड'. त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. उस्तादांनी टपल्या मारून शिकवलंय : पेडलवरच्याला डोकं नसतं, नुसता पाय असतो.

काकांना हाक मारली आणि जीपखाली शिरलो. दार वाजलं, सीट करकरली. काय सुरेख पाय! एकदाही चुकला नाही. बुडबुडे मात्र संपेनात. बाहेर आलो तर सीट रिकामी. काका स्वयंपाकघरात चष्मा शोधत होते. म्हणाले, मी कुठे आलो होतो, या गुडघ्यांनी पेडल दाबलं जाईल होय? म्हातारपण, दुसरं काय! जेवताना त्यांची भरपूर थट्टा केली. ते हसले नाहीत.

बुधवार, ६

पेडल अजून मऊच. वर कुठेतरी पाऊस झालाय, खालच्या ओढ्याला पाणी चढलंय. पायी उतरायची सोय नाही. पार झाली तर ही उंच जीपच होईल.

आज काकांना मुद्दाम ओट्यावर, नजरेसमोर बसवलं. जीपच्या दाराशी उभा राहिलो आणि गंमत म्हणून 'मार' म्हणालो. पेडल खाली गेलं. वर आलं. परत गेलं. सीट मधोमध दबली होती, कुणी बसल्यासारखी.

ओट्यावर कसा पोचलो, ठाऊक नाही. काकांनी पाणी दिलं आणि सांगून टाकलं. खूप वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ जीपमध्ये होता, इथेच, उतारावर. काकांनी त्याला 'धर' म्हटलं आणि दगड आणायला गेले. परसात घसरले, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडले. तो दिवसभर पेडल दाबून बसला. हृदय आधीच कमजोर. शेजारच्या वाडीतले लोक आले तेव्हा थंड पडला होता, पाय तसाच पेडलवर.

हवा कुठली, म्हणाले, दमलाय तो. तुम्ही कितीही 'सोड' म्हणा, त्याला दादाने धरायला सांगितलंय, दादाच्याच तोंडून सुटेल. आणि दादाला अजून जीपजवळ जायची हिंमत होत नाही.

मला घरी जायचंय. बस्स.

गुरुवार, ७

सासूबाईंचा फोन. हिला कळा सुरू झाल्यात, सारखी माझं नाव घेतेय. ओढा उतरलेला नाही. जीपशिवाय वाट नाही, आणि त्याच्याशिवाय जीप नाही.

शिरलो जीपखाली. 'मार' म्हणालो. मारलं त्याने. मागची दोन्ही चाकं झाली, बुडबुडे थांबले! पेडल टणक! आता पुढची दोन, की निघालोच —

गुरुवारच. जीपखालून

दगड सरकला. माती ओली होती. नुकतंच 'धर' म्हणालो होतो, म्हणून वाचलो — मागचं चाक गुडघ्यावर चढून थांबलंय. पुढे पोट, छाती. निपल कशीबशी बंद केली.

जीप त्याच्या पायावर उभी आहे. फक्त त्याच्या.

फोन पेटीत. हात पुरत नाही. ओरडून घसा बसला. लिहीत राहिलो तर शुद्ध राहील —

सीट करकरतेय. चाक केसभर हललं. दमलाय. धर रे बाबा. धर. बाप व्हायचंय मला —

काठीचा आवाज. काका! आले, देवासारखे आले —

दगड आणला नाही. रिकामे हात. रडतायत. माझ्याकडे बघतच नाहीत, सीटकडे —

काका नको — आधी दगड — आधी चाकाला —

ऐकू जात नाहीये. दाराला हात लावलाय. म्हणतायत, चुकलं रे माझं, बाळा, बस झालं, आता सो